नवरदेवाचे मागचे केस

पिंपळवाडी, ता. पलूस
५ ऑक्टोबर २०२५

चि. राजी,

तुझं पत्र येऊन महिना झाला, म्हणजे तिकडे बरं चाललं असणार. दसऱ्याला तुझा बाप सांगलीहून येऊन गेला. हळदीच्या पेढीवरची त्याची कारकुनी झकास चालली आहे, पोटही सुटलं आहे. वस्तरा धरायचा नाही म्हणून तो गाव सोडून गेला आणि त्याच्या पोरीनं साताऱ्यात जाऊन कात्री धरली, यावर मी त्याला पोटभर चिडवून घेतलं.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि तू ओरडून बोललीस की मला सोडून साऱ्या आळीला ऐकू जातं. काम आहे ते पत्रातच सांगण्यासारखं आहे.

हंबीररावांच्या नातवाचं, वीरधवलचं लग्न ठरलं. ३० नोव्हेंबर, रविवार. मुलगी कोरेगावची, नाव उत्कर्षा. त्या घरातल्या नवरदेवाचे केस कापायचा मान चार पिढ्या आपल्याकडे आहे, हे तुला माहीत आहे. हंबीररावांचे माझ्या वडिलांनी कापले, त्यांच्या मुलाचे मी. काल वीरधवल दुकानात आला आणि खुर्चीत बसायचं सोडून त्यानं मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. त्यात गुळगुळीत गालांचा एक पोरगा. कपाळावर केस आलेले, कानावरचे तासलेले.

"आबा, ह्ये कोरियन हाय," वीरधवल माझ्या कानात ओरडला. "उत्कर्षाला ह्येच पायजे. तुमास्नी जमायचं न्हाई. मी मलकापूरच्या सलूनात करून घेतो, तुमी नुसता मानाचा नारळ घ्या."

मी म्हणालो, मीच करणार, दीड महिन्यात शिकतो. तो हसला, पण नाही म्हणाला नाही. तर आता तू मला हे कोरियन काय असतं ते कागदावर समजावून सांग. चित्र काढून सांग. त्या डोक्याला दुसऱ्या कुणाची कात्री लागू द्यायची नाही, एवढंच समज.

तुझा
आबा

*

सातारा
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय आबा,

पाया पडते आणि पोट धरून हसते. एकाहत्तराव्या वर्षी दीड महिन्यात कोरियन शिकणार म्हणजे पी हळद अन् हो गोरी. पण तुम्ही हट्टाला पेटलात की आजीचंही चालत नव्हतं, तिथे माझं काय चालणार? सोबत तीन चित्रं पाठवते: समोरून, बाजूनं, मागून.

यात डोक्याचे दोन मजले करायचे असतात. खालचा मजला म्हणजे कानाच्या वर दोन-अडीच बोटं आणि मागे सगळीकडे. तो मशीननं बारीक, पण वस्तरा मारल्यासारखा पांढरा नाही. वरचा मजला लांब. ते केस खालच्यावर छपरासारखे पडले पाहिजेत. पुढचे केस भुवयांपर्यंत ठेवायचे. ते मधोमध भांग पाडून दोन्हीकडे सोडता येतात, किंवा एका बाजूनं वळवून टोक आत घेता येतं, स्वल्पविरामासारखं. ते वळण कात्रीनं येत नाही. केस ओले असताना गोल ब्रश आणि ड्रायरनं आणायचं, आणि वर वाटाण्याएवढं मेण तळहातावर चोळून लावायचं. तेल अजिबात नाही.

आपल्याकडच्या पोरांचे केस राठ आणि जाड असतात, म्हणून फोटो बघून तसंच कापलं की पातेलं उपडं घातल्यासारखं दिसतं. थिनिंगची कात्री वापरून आतले केस विरळ करायचे. आणि चेहरा बघायचा. वीरधवलचा उभा आहे, कपाळ मोठं. त्याला मधला भांग नको, तोंड आणखी लांब दिसेल. स्वल्पविराम शोभेल.

इथे मी दिवसाला पाच-सहा डोकी तरी कापते, त्यातली निम्मी हीच. म्हणून सांगते, वाईट वाटून घेऊ नका, पण त्याला जाऊ दे मलकापूरला. तुम्ही पहिली बट कापा, नारळ घ्या, मान राहिला. मानासाठी एवढा जीव का टाकता?

तुमची
राजी

*

पिंपळवाडी
१५ ऑक्टोबर २०२५

चि. राजी,

चित्रं छान काढली आहेस. आरशाशेजारी लावली आहेत. गिऱ्हाइकं विचारतात, हा कोण पाहुणा.

नानासोला पकडून बसवला. तू त्याला ओळखतेस, आपल्या घरासमोरचा पेन्शनीतला हवालदार. सत्तरी उलटली तरी डोक्यावर केसांचं रान आहे. नानासोच का, असं विचारू नकोस, मला त्याचंच डोकं हवं होतं. मागचा भाग तू सांगितल्यासारखा चार नंबरनं बारीक केला आणि लांब उभा राहून बराच वेळ बघितला. मग पुढे वळलो. पहिल्या दिवशी तू म्हणालीस तसं पातेलंच झालं. सुलाबाईनं नवऱ्याला उंबऱ्यातच थांबवलं आणि कोण पायजे म्हणून विचारलं.

पण दोन दिवसांनी परत बसवला, आतले केस विरळ केले. ड्रायर शाळेच्या गॅदरिंगचा आणला. आता पांढरी बट कपाळावर अशी बसली आहे की नानासो डेअरीवर दूध घालायला जातो आणि तासभर परत येत नाही. दोन वेळा मोबाईलमध्ये फोटो काढून घेतले लोकांनी. तो म्हणतो, "पंधरा वर्षं पलटणीत ह्येच केस कापून फेकत हुतो, गड्या. कुणी आदी सांगितलं न्हाई."

आता एक विचारतो. या कोरियनमध्ये मागचे केस बारीक केलेच पाहिजेत का? पुढचं सगळं तुझ्या चित्राप्रमाणे केलं आणि मागे मूळचे लांबच ठेवले, तर ती पोरगी नको म्हणेल का? नीट विचार करून लिही.

मान सोडायचा सल्ला पुन्हा देऊ नकोस.

आबा

*

सातारा
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आबा,

दिवाळीला येता आलं नाही. भाऊबीजेपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तुमच्या चकल्या एसटीनं पोचल्या, अर्ध्या मल्हारदादांनी खाल्ल्या. ते इथले मुख्य कारागीर.

नानासो आजोबांचा फोटो अण्णांनी, म्हणजे तुमच्या लेकानं, दिवाळीला गावी आल्यावर मोबाईलवर पाठवला. तो मी इथे सगळ्यांना दाखवला आणि कुणाला खरं वाटेना की हे पलूस तालुक्यातल्या एका खुर्चीच्या दुकानात झालं. आबा, मला फार अभिमान वाटला.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. मागचा भाग बारीक हाच या कटचा अर्धा जीव. तुम्ही दोनदा विचारलंत, एकदा पत्रात आणि एकदा अण्णांकरवी. ताकाला जाऊन भांडं का लपवता? मशीन चालवताना हात थरथरतो का? तुमच्या पत्रातल्या ओळी हल्ली खाली उतरत जातात, ते माझ्या लक्षात आलंय. तसं असेल तर मला सांगा, त्यात लाज कसली.

आणि एक बातमी. काल वीरधवलचा मला फोन आला. नानासो आजोबांना बघून त्याला धीर आला आहे, पण लग्नाआधी एकदा इथे साताऱ्यात करून बघतो म्हणतो. रविवारी, दोन तारखेला येतोय. तुमच्या मनाला लागेल म्हणून तुम्हाला सांगू नको म्हणाला, आणि मी सांगून टाकलं. रागावू नका. दुसऱ्या कुणाची कात्री नाही, तुमच्या नातीच्या दुकानातली आहे.

राजी

*

पिंपळवाडी
२९ ऑक्टोबर २०२५

राजी,

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून चुलीत घाल. तुझ्याकडे चूल नसेल तर गॅसवर जाळ.

वीरधवलच्या डोक्यात दोन भोवरे आहेत. एक सगळ्यांना असतो तिथे, दुसरा मागे, उजवीकडे, चार बोटं खाली. ज्याच्या डोक्यात दोन भोवरे त्याची दोन लग्नं होतात असं म्हणतात, हे तुला सांगायला नको. सव्वीस वर्षांपूर्वी मी त्याचं जावळ काढलं. तो मामाच्या मांडीवर होता, मामाला पुढचंच दिसत होतं. मागून वस्तरा फिरवला आणि दुसरा भोवरा उघडा पडला, तो मी पाहिला आणि शेजारी ताम्हण धरून बसलेल्या अंबूबाईंनी पाहिला. हंबीररावांची बायको इतक्या वर्षांत कधी घाबरलेली मी बघितली नव्हती. त्यांनी हातातलं ताम्हण ठेवलं आणि पोराच्या डोक्यावर टोपडं चढवलं. संध्याकाळी मला परसदारी बोलावून शपथ घातली.

त्यांच्या थोरल्या भावाला दोन भोवरे होते. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली, वर्षाच्या आत दुसरी आली. अंबूबाई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या, भावजय त्यांच्या देखत गेली. तेव्हापासून घरातलं कुठलंही बाळ न्हाऊ घातलं की आधी त्याचं डोकं बघतात. वीरधवलच्या दाट जावळात ते आधी सापडलं नव्हतं. वीरधवलचं अंबूबाईंना, त्याच्या आईला आणि मला माहीत आहे. हंबीररावांना नाही, खुद्द पोरालाही नाही. स्वतःच्या डोक्याची मागची बाजू कोण बघतो?

कोरेगावच्या बायका लग्नात नवऱ्याला मागूनपुढून बघणार. कुणी तरी बोट दाखवलं तर लग्न मोडणार नाही कदाचित, पण अंबूबाईंचा जीव जाईल. म्हणून मान मान करत होतो. मला नारळ नको.

हात थरथरतो, हेही खरं आहे. दिवाळीपासून जास्त. नानासोच्या कानाला कात्री लागली, ते मी लिहिलं नव्हतं.

पोराला परत पाठव. कारण काहीही सांग.

आबा

*

सातारा
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय आबा,

तुमचं पत्र काल, सोमवारी मिळालं. वीरधवल रविवारीच येऊन गेला. घाबरू नका, केसाला धक्का लागलेला नाही. सगळं सांगते, आणि त्यात मला एक कबूलही करायचं आहे.

मी इथे कुणाचे केस कापत नाही. चार महिने झाले, मी फक्त डोकी धुते. खुर्चीत बसलेला पुरुष मुलगी कात्री घेऊन आली की मल्हारदादांकडे बघतो, आणि मालक मला टॉवेल आणायला पाठवतात. दिवसाला पाच-सहा कापते म्हणून लिहिलं ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून, आणि मलाही. तुम्हाला जे शिकवलं ते मी बघून बघून शिकले आहे. वीरधवल आला तेव्हा मनात आलं होतं, ओळखीचा आहे, हा तरी मला कापू देईल. तो बिचारा तयार होता, मालक नाही म्हणाले.

तर मी त्याचं डोकं धुवायला घेतलं. बोटं मागे गेली आणि उजवीकडे एका जागी केस उलटे फिरले. पुन्हा फिरवून बघितलं, भोवरा होता. तुमचं पत्र तेव्हा कुठल्या तरी टपालाच्या पिशवीत होतं, मला काही माहीत नव्हतं. पण त्या भोवऱ्याच्या वरचे केस बाकीच्यापेक्षा एक बोट लांब होते, आणि उजवीकडून डावीकडे असे कापलेले की आपोआप त्याच्यावर पडावेत. असं चुकून होत नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं दर महिन्याला ते तसं केलेलं होतं, आणि त्या डोक्याला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. मग मला तुमचा प्रश्न आठवला, मागचे केस लांब ठेवले तर चालेल का. मी पाणी बंद करून त्याचं डोकं टॉवेलात गुंडाळलं.

मल्हारदादा मशीन घेऊन आले होते. मी म्हणाले, पुढचे केस अजून आखूड आहेत, आज कापले तर वळण बसणार नाही, तीन आठवडे वाढू द्या. ते निम्मं खरंही होतं. वीरधवल मान हलवून निघून गेला. मालकांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं, गिऱ्हाइकं परत घालवायला ठेवलेली नाही तुला. मला त्याचं काही वाटलं नाही, पण तुम्हाला खोटं लिहिलं त्याचं वाटतंय.

पत्र जाळलं.

राजी

*

पिंपळवाडी
९ नोव्हेंबर २०२५

माझ्या गुणाच्या राजी,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मग नानासोनं विचारलं रडतोस का, तर म्हणालो साबण गेला डोळ्यात.

खोटं लिहिलंस त्याबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, पण हात थरथरत असून मीही लिहिलं नव्हतं, त्यामुळे फिटंफाट. माझ्या आजोबांनी मला वस्तरा द्यायच्या आधी दोन वर्षं नुसती डोकी भिजवायला लावली होती. मी चिडायचो. ते म्हणायचे, डोळ्याला दिसतं ते कुणालाही दिसतं, बोटाला लागलं पाहिजे. तुला चार महिन्यांत लागलं.

आता ऐक. वीरधवलचे केस तू कापायचेस. मी काल हंबीररावांच्या घरी गेलो आणि तसं सांगितलं. ते झोपाळ्यावर बसले होते, झोपाळा थांबला. म्हणाले, या घरच्या नवरदेवाच्या डोक्याला बाईनं कात्री लावल्याचं कुणी ऐकलं नाही, लोक काय म्हणतील. मी माझा उजवा हात त्यांच्यापुढे धरला. तो काय करतो ते त्यांनी बघितलं आणि थोडे नरमले, तरी म्हणाले, मग मलकापूरचा बरा.

तेवढ्यात आतून अंबूबाई आल्या. पदर खोचून उभ्या राहिल्या.

"कापंल तर आकारामच्या घरचंच माणूस कापंल," त्या माझं नाव घेऊन म्हणाल्या. "पोरगी आसंना का. न्हाईतर माझा नातू हाय तसाच बोहल्यावर चढंल, झिपऱ्या घिऊन."

हंबीररावांना काही कळेना की बायको एवढी का पेटली. पण पन्नास वर्षांत ती असं दोनदाच बोलली आहे, म्हणून ते बरं म्हणाले. जाताना अंबूबाईंनी मला दारापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, पोरीला म्हाईत हाय का? मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, झाकली मूठ सव्वा लाखाची.

शनिवारी आपल्याकडे डोक्याला कात्री लावत नाहीत आणि त्याच दिवशी हळद आहे, म्हणून शुक्रवारी सकाळी, २८ला. रजा काढ.

आबा

*

सातारा
१५ नोव्हेंबर २०२५

आबा,

रजा मिळाली, तोंड वाकडं करून का होईना. माझे हात आतापासून गार पडलेत. जिनं आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला कात्री लावली नाही, तिनं पहिलं डोकं नवरदेवाचं घ्यावं का?

पण कट सापडला आहे. दोन मजल्यांचा नाद सोडला. कोरियनमध्येच दुसरा एक प्रकार आहे, त्यात मागचे केस मानेपर्यंत उतरते, थरावर थर ठेवतात, फक्त कानाकडची बाजू हलकी करतात. वीरधवलला मी तीन फोटो पाठवले. त्यातले दोन मुद्दाम वाईट निवडले होते. त्यानं आणि उत्कर्षानं बरोबर तिसरा पसंत केला आणि स्वतःच निवडल्याच्या आनंदात आहेत. तुम्ही ठेवलेलं ते एक बोट तसंच राहील, त्याच्यावर आणखी एक थर येईल.

काळजी एकच. पुढचं वळण ड्रायरनं एवढं सुरेख आणायचं आणि मग फेटा बांधायचा. अर्ध्या तासात सगळं चेपून कपाळाला चिकटेल. त्यावर उपाय मला कुठल्याच व्हिडिओत सापडला नाही. तिकडच्या लोकांना फेटे नसतात.

राजी

*

पिंपळवाडी
२० नोव्हेंबर २०२५

चि. राजी,

फेट्याचं माझ्यावर सोड. नवरदेवाच्या कपाळावरचे केस मी पन्नास वर्षं फेट्याखाली घालतो आहे. फेट्याच्या आधी मऊ मलमलीची पट्टी घ्यायची आणि पुढचे केस वळवून मागे, उलटे बसवायचे. फेटा काढला, केस पाण्याच्या हातानं पुढे ओढले की फुगून उभे राहतात. चेपण्यानंच त्यांना वळण येतं. आणि अक्षता पडेपर्यंत मुंडावळ्यांची गाठ मागे नेमकी कुठे येते ते तूच बघ.

हात गार पडलेत ते चांगलं आहे. माझे पहिल्या दिवशी घामानं भिजले होते. गुरुवारी संध्याकाळच्या एसटीनं ये, नानासो स्टँडवर येईल. सरावाला तो स्वतःचं डोकं देतो म्हणत होता, पण त्याच्याकडे कापून घ्यायला आता काही शिल्लक नाही.

आबा

*

सातारा
३ डिसेंबर २०२५

प्रिय आबा,

पोचले. काल सकाळी दुकानात उभी राहिले तर तळहाताला अजून हळदीचा वास येत होता.

तुम्ही शेजारी होतात, तुम्हाला काय सांगणार. तरी लिहिते, कारण तेव्हा बोलता आलं नाही. अंगणात पाट मांडलेला, सगळी भावकी ओसरीवर बसलेली. तुम्ही पहिली बट कापलीत आणि कात्री माझ्या हातात दिलीत. तुम्ही कंगवा धरलात, तुमचा हात थरथरत होता, पण कंगव्यात केस उचलून धरले की तो थांबायचा. मग मी कापायचं. मागे पोचलो तेव्हा तुम्ही तुमचं बोट त्या जागेवर आडवं ठेवलंत, कुणाला कळलं नाही, आणि मी बोटाच्या कडेनं कापत गेले. त्यानंतर मला भीती वाटली नाही.

रविवारी संध्याकाळी फेटा उतरला आणि ती बट जशी ठरवली होती तशी कपाळावर आली, तेव्हा उत्कर्षा त्याच्याकडे बघून जी हसली, ते मला पुरलं. अंबूबाई आजींनी माझी ओटी भरली आणि किती तरी वेळ माझे हात धरून बसल्या.

आता हे सांगा. काल बॅगेत भाकरीच्या फडक्याखाली तुमची धोपटी निघाली. पणजोबांचा वस्तरा, शिंगाचा कंगवा, सगळं आत. तुम्ही दुकानात काय वापरणार?

राजी

*

पिंपळवाडी
९ डिसेंबर २०२५

चि. राजी,

दाढीला तू लग्नाच्या वेळी आणून दिलेलं ते पातीचं यंत्र पुरतं. केस आता आठवड्यातून दोनच दिवस कापतो, तेही जुन्या गिऱ्हाइकांचे, दुकानातल्या कात्रीनं. धोपटी दुकानात ठेवायची नसते, कापणाऱ्याकडे ठेवायची असते.

तू गेल्यावर झालेलं सांगतो. परवा अंबूबाई स्वतः दुकानात आल्या. बाई माणूस माझ्या दुकानाच्या पायरीवर पहिल्यांदाच चढलं. त्यांनी सांगितलं, सत्यनारायण झाल्यावर नवी सून ओसरीवर नवऱ्याच्या डोक्याला तेल लावत बसली होती. तू तेल नको म्हणून बजावलं होतंस, ते राहिलं बाजूला. अंबूबाई समोर तांदूळ निवडत होत्या. सुनेची बोटं मागे गेली आणि थांबली. अंबूबाईंच्या हातातून सूप सुटायची वेळ आली.

"दोन भोवरे हायत की आजी," उत्कर्षा म्हणाली. "माझी आई म्हणती, दोन भोवऱ्याचा माणूस लय हट्टी आसतो. तेवढं मात्र खरं निघालं."

आणि तेल लावत राहिली. अंबूबाईंनी मग तिला जवळ बसवून भावजयीचं सगळं सांगितलं. साठ वर्षांत पहिल्यांदा घरातल्या कुणाला तरी सांगितलं म्हणाल्या. पोरीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी दवाखान्यात वेळेवर जाईन, तुमी संगट चला. आता अंबूबाई म्हणतात, एवढं सोपं होतं तर आधी का नाही बोलले.

आबा

*

सातारा
१९ डिसेंबर २०२५

आबा,

आज मी खुर्चीवर केस कापले. आधी तेच सांगते, मग कसं ते.

सकाळी नानासो आजोबा दुकानात शिरले. सैनिकांच्या कँटीनचं सामान न्यायला साताऱ्याला आले होते. मालकांनी मल्हारदादांच्या खुर्चीकडे हात केला तर आजोबा परेडवर बोलावं तसं बोलले, "आमी कापणार तर आकारामच्या नातीकडनंच. न्हाईतर असाच माघारी जातो आन् बाहेर हुबा राहून समद्यास्नी सांगतो." मालकांनी त्यांच्या डोक्यावरची पांढरी बट बघितली, ही फोटोतली ना म्हणाले, आणि मला खुर्ची दिली. ते उठल्यावर रांगेतला एक कॉलेजचा मुलगा आपणहून येऊन बसला. त्यानंतर आणखी दोघे.

आता मला उत्तर द्या. कापायच्या आधी मी नानासो आजोबांचं डोकं धुतलं. बोटं मागे गेली. आबा, त्यांनाही दोन आहेत. जवळजवळ त्याच जागी. सुलाबाई आजींशी त्यांचं लग्न होऊन सत्तेचाळीस वर्षं झाली, दुसरं कधी झालं नाही. म्हणजे सरावाला त्यांचंच डोकं तुम्ही का घेतलंत ते कळलं, बारीक केल्यावर भोवरा किती उघडा पडतो ते बघायचं होतं. पण म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. म्हण खोटी आहे हे माहीत असताना सव्वीस वर्षं दर महिन्याला ते एक बोट का सांभाळलंत?

राजी

*

पिंपळवाडी
२४ डिसेंबर २०२५

चि. राजी,

नानासोचे मागचे केस जरा जास्तच घेतलेस. दोन्ही भोवरे डेअरीवरून दिसतात. सुलाबाई म्हणते, दुसरी आलीच तर धार काढायला बरी.

चार डोकी एका दिवसात, आता खरं लिहिलंस. बापाला मी स्वतः नानासोच्या मोबाईलवरून कळवलं. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जावळाच्या दिवशी परसदारी मी अंबूबाईंना नानासोचं नाव सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं आणि तरी रडत राहिल्या. त्यांनी भावजयीला उचलून नेताना बघितलं होतं, मी नव्हतं. म्हण खोटी आहे म्हणून वाद घालत बसलो असतो तर सव्वीस वर्षं पुरली नसती. त्यापेक्षा एक बोट केस लांब ठेवायला मला काय लागत होतं?

आबा